साडेसहा इंची सबवूफरसाठी गाडीतला खोका : आकारमान, पोर्टची अडचण आणि ट्यूनिंग

खर्जप्रेमी (धागाकर्ता)

गाडीत सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे स्वर वाजवणारा स्पीकर, म्हटले की दहा-बारा इंची स्पीकर आणि निम्मी डिकी अडवणारा खोका असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. ज्यांना डिकी सामानासाठी मोकळी हवी आहे किंवा ज्यांच्याकडे सीटखाली जेमतेम वीतभर जागा आहे, त्यांच्यासाठी साडेसहा आणि आठ इंची सबवूफर हा चांगला मार्ग आहे. मात्र मोठ्या स्पीकरच्या खोक्याची लहान प्रतिकृती करून हे काम भागत नाही. लहान स्पीकरचे गणित वेगळ्याच ठिकाणी अडते, आणि ते कुठे अडते हे आधी ओळखले नाही तर मेहनत वाया जाते. माझा पहिला खोका असाच वाया गेला, म्हणून दुसऱ्या खोक्याची आकडेमोड इथे सविस्तर मांडतो आहे.

पहिल्या खोक्यात मी दोन साडेसहा इंची सबवूफर, १४ लिटर हवा आणि ५ सेंटीमीटर व्यासाचा पोर्ट, म्हणजे खोक्यातली हवा बाहेर ये-जा करू देणारी उघडी नळी, असा घाट घातला होता. ट्यूनिंग, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या वारंवारतेला अनुनादते ती, ३८ हर्ट्झवर होते. हळू आवाजात खोका फार गोड वाजला. आवाज वाढवताच पोर्टमधून फुंकर घातल्यासारखा फुसफुसाट येऊ लागला, आणि एका संथ, खोल स्वराच्या जागी ‘टक्’ असा कोरडा आवाज झाला. व्हॉइस कॉइल (कोनला जोडलेली तारेची गुंडाळी) मागे जाऊन चुंबकाच्या तळाच्या पट्टीवर आदळली की हा आवाज येतो, आणि तो एकदा ऐकला की विसरत नाही. स्पीकर वाचले, खोका मात्र मी मोडला. दुसरा खोका पोर्ट न ठेवता पूर्ण बंद केला.

खोक्याचे गणित ज्या आकड्यांवर चालते त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली पोर्टच्या खोक्यांचे विश्लेषण मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे नेले. त्याआधी खोके बरेचसे अंदाजाने आणि कानाने होत असत. माझ्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर एफएस म्हणजे मोकळ्या हवेतील अनुनादाची वारंवारता ४२ हर्ट्झ, क्यूटीएस म्हणजे तो अनुनाद किती आवरला जातो याचे माप (आकडा जितका मोठा तितका अनुनाद मोकळा) ०.४५, आणि व्हास म्हणजे सस्पेन्शनइतकीच (कोनला लवचीकपणे धरून ठेवणाऱ्या भागांइतकीच) लवचीक असणारी हवा ९ लिटर असे दिले आहे. कोनचे क्षेत्रफळ १३० चौरस सेंटीमीटर आहे आणि एक्समॅक्स, म्हणजे कोन एका दिशेला सुरळीतपणे जितका सरकू शकतो ते अंतर, ८ मिलिमीटर आहे.

बंद खोक्याचे सूत्र इतके सोपे आहे की ते वहीत करता येते. व्हासला एका स्पीकरच्या वाट्याला येणाऱ्या हवेने भागावे, त्यात एक मिळवावा आणि त्याचे वर्गमूळ काढावे. या एका संख्येने क्यूटीएसला गुणले की खोक्यातला क्यू मिळतो, आणि एफएसला गुणले की खोक्यातली अनुनादाची वारंवारता मिळते. दोन स्पीकर एकाच खोक्यात असतील तर हवा दोघांत वाटली जाते, हे अनेकजण विसरतात. दोघांना मिळून १४ लिटर दिल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ७ लिटर येतात. तेव्हा क्यू ०.६८ आणि अनुनाद ६३.५ हर्ट्झवर येतो. १० लिटर दिल्यास क्यू ०.७५ आणि अनुनाद ७० हर्ट्झ होतो. अवघे ६ लिटर दिल्यास क्यू ०.९ आणि अनुनाद ८४ हर्ट्झवर जातो.

क्यू ०.७०७ असताना प्रतिसाद सर्वांत सपाट असतो, म्हणून त्या आकड्याला देवघरात बसवण्याची प्रथा पडली आहे. प्रत्यक्षात ०.९ला येणारा उंचवटा पाऊण डेसिबलही भरत नाही. गाडीची केबिन याच्या कितीतरी पट मोठे चढउतार स्वतःहून करते, त्यामुळे ०.६५ ते ०.९ या पट्ट्यात जागेच्या सोयीने निवड करावी असे माझे मत आहे. मला १४ लिटर बसत होते, म्हणून मी तितके घेतले.

सगळ्यांत महत्त्वाचे गणित मात्र कोन किती हवा ढकलतो याचे आहे. दोन कोनांचे क्षेत्रफळ २६० चौरस सेंटीमीटर भरते; एका बारा इंची स्पीकरचे साधारण ५०० असते. दोन्ही कोन ८ मिलिमीटर सरकले तर २०८ घन सेंटीमीटर हवा हलते. तेवढ्या हवेतून ६० हर्ट्झवर, जमिनीवर ठेवलेल्या खोक्यापासून एक मीटर अंतरावर, मोकळ्यावर सुमारे १०६ डेसिबल मिळतात, आणि ३० हर्ट्झवर फक्त ९४. वारंवारता निम्मी झाली की तितक्याच आवाजासाठी कोनला चौपट सरकावे लागते. लहान स्पीकर अडतो तो इथे. वॉट वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

ज्यांनी असे लहान खोके केले आहेत त्यांनी लाकूडकाम आणि ट्यूनिंगविषयी आपले अनुभव जरूर लिहावेत.


रंधा

अतिशय उपयुक्त धागा आहे. लाकूडकामाच्या बाजूने एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण लहान खोक्यात ती फार महाग पडते. ती म्हणजे फळीची जाडी.

समजा, बाहेरून ४५ × २५ × २२ सेंटीमीटरचा खोका आहे. बाहेरचे आकारमान पावणेपंचवीस लिटर भरते. १८ मिलिमीटर एमडीएफ वापरला तर आतली मापे ४१.४ × २१.४ × १८.४ होतात आणि आत उरतात १६.३ लिटर. म्हणजे एक तृतीयांश जागा फळीनेच खाल्ली. त्यातून दोन स्पीकरांच्या चुंबकांचे आणि बास्केटचे मिळून सुमारे १.४ लिटर आणि मधल्या आडव्या पट्टीचे अर्धा लिटर वजा केले की १४.४ लिटर उरतात. हाच खोका १२ मिलिमीटरच्या चांगल्या बर्च प्लायवूडचा केला तर आत १८.९ लिटर मिळतात. बाहेरचे माप तेच राहून अडीच लिटरहून अधिक हवा वाढते. मोठ्या खोक्यात हा फरक नगण्य असतो, इथे तो थेट अनुनादात दिसतो.

पातळ फळी थरथरेल ही भीती रास्त आहे, पण लहान खोक्यात फळ्यांचा मोकळा विस्तारही लहान असतो. दोन लांब बाजूंना मधोमध जोडणारी एक पट्टी टाकली की १२ मिलिमीटरचे प्लायवूड पुरेसे कडक होते. ज्या फळीवर स्पीकर बसतात ती मात्र मी नेहमी दुहेरी करतो. भोक पाडल्यावर तिथेच ताकद कमी झालेली असते आणि स्पीकरचा सगळा झटका तिलाच सोसावा लागतो. दुहेरी फळीने गेलेली हवा हिशोबात धरायला विसरू नये.

खोक्याच्या लांबी-रुंदी-उंचीचे ‘सुवर्ण गुणोत्तर’ पाळावे का, हा प्रश्न हमखास येतो. सबवूफरपुरते त्याचे कारण नाही. वरच्या मापात आतली सर्वांत लांब बाजू ४१.४ सेंटीमीटर आहे, तिच्यात पहिली उभी लहर सुमारे ४१४ हर्ट्झला तयार होईल. सबवूफर तिथपर्यंत वाजतच नाही. जागेत जो आकार बसतो तो करावा. फक्त चुंबकाच्या मागे हवेला ये-जा करण्यासाठी दोन-तीन सेंटीमीटर मोकळे ठेवावेत, विशेषतः मागे श्वासछिद्र असलेल्या स्पीकरला.


ओहम

आकडेमोड आवडली, तरी पोर्टला इतक्या लवकर बाद केले हे पटले नाही. पोर्टच्या ट्यूनिंगच्या आसपास हवेचे काम पोर्ट करतो आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. ज्या स्पीकरची अडचणच कोनच्या हालचालीची आहे, त्याला पोर्टची सर्वाधिक गरज आहे असे म्हणायला हवे. तुमच्या स्पीकरचा क्यूईएस, म्हणजे क्यूटीएसमधला विद्युत बाजूचा भाग, दिलेला नाही, पण क्यूटीएस ०.४५ आहे म्हणजे तो ०.५च्या जवळपास असावा. एफएसला त्याने भागले तर ८४ येतात. ५०च्या खाली बंद खोका आणि १००च्या वर पोर्ट, हा ढोबळ ठोकताळा धरला तर तुमचा स्पीकर मधल्या पट्ट्यात बसतो. दोन्ही चालले पाहिजे.

फुसफुसाट झाला तो पोर्ट बारीक होता म्हणून, आणि कोन आपटला तो ट्यूनिंगच्या खालचे स्वर गाळले नाहीत म्हणून. यात पोर्टच्या तत्त्वाचा दोष नाही.


खर्जप्रेमी (धागाकर्ता)

ओहम, तुमचे दोन्ही निष्कर्ष बरोबर आहेत आणि क्यूईएसही ०.५च आहे. ट्यूनिंगच्या खाली पोर्टचा खोका कोनला मागून आधार देत नाही. कोन मोकळ्या हवेत असल्यासारखा सैरभैर हलतो आणि आवाज तर प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. बंद खोक्यात ही उतरण १२ डेसिबलची असते. मी तेव्हा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे स्वर गाळणारा फिल्टर, लावला नव्हता, ही माझी चूक होती.

बारीक पोर्टचा प्रश्न मात्र फिल्टरने सुटत नाही, आणि लहान खोक्यातला खरा पेच तोच आहे. पोर्टने दोन्ही कोनांइतकी, म्हणजे २०८ घन सेंटीमीटर हवा ३८ हर्ट्झवर हलवायची असे धरू. ५ सेंटीमीटर व्यासाच्या पोर्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला २५ मीटरवर जातो. साधारण १७ मीटरच्या पुढे, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पाच टक्क्यांच्या वर, पोर्ट ऐकू येऊ लागतो असा अनुभव आहे. म्हणून व्यास साडेसात सेंटीमीटर करू. वेग ११ मीटरवर येतो, प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. आता लांबी पाहा. १४ लिटर आणि ३८ हर्ट्झसाठी ५ सेंटीमीटर व्यासाचा पोर्ट २५.५ सेंटीमीटर लांब लागतो, तर साडेसात सेंटीमीटरचा ६० सेंटीमीटर. ज्या खोक्याची आतली सर्वांत लांब बाजू ४१ सेंटीमीटर आहे त्यात तो वळण घेऊनच बसवावा लागेल, आणि त्याच्या पोटातली हवाच २.६५ लिटर आहे. नळीची जाडी धरली तर तीन लिटरच्या वर जागा जाते. तेवढी हवा कमी झाली की ट्यूनिंग वर सरकते, मग पोर्ट आणखी लांबवावा लागतो.

पोर्टचे क्षेत्रफळ वाढवले की लांबी त्याच प्रमाणात वाढते आणि खोका लहान केला की पुन्हा वाढते. मोठ्या खोक्यात ही दोन्ही ओझी सहज पेलतात. म्हणून पंधरा लिटरच्या आतला पोर्टचा खोका कागदावर देखणा दिसतो आणि प्रत्यक्षात हळू आवाजापुरताच राहतो.


ओहम

आकड्यांपुढे वाद नाही. पोर्टच्या दोन्ही तोंडांना गोलाई दिली तर थोडा वेग आणखी सहन होतो, पण ६० सेंटीमीटरच्या नळीवर तो उपाय नव्हे.

अशा वेळी पॅसिव्ह रेडिएटरचा विचार करता येईल. त्याला व्हॉइस कॉइल किंवा चुंबक नसते. फक्त कोन, सस्पेन्शन आणि वजन असते. पोर्टमधल्या हवेच्या वस्तुमानाचे काम हे वजन करते, त्यामुळे लांबीचा आणि फुसफुसाटाचा प्रश्न उरत नाही, आणि मागे वजनाच्या चकत्या कमी-जास्त करून ट्यूनिंगही बदलता येते. अट एवढीच, की रेडिएटरने ढकललेली हवा स्पीकरांच्या निदान दुप्पट असावी. दोन साडेसहा इंची स्पीकरांना त्याच मापाचे दोन रेडिएटर अपुरे पडतील. लांब हालचालीचे दोन आठ इंची लागतील, आणि ते बसवायला फळीवर जागा हवी. सबसॉनिक फिल्टर इथेही लागतोच.


खर्जप्रेमी (धागाकर्ता)

मान्य आहे. फळीवर जागा असणाऱ्यांनी तो मार्ग जरूर घ्यावा. लहान आकारमानात पोर्टपेक्षा तो निश्चितच सरस आहे.


नवखा_श्रोता

मी प्रथमच खोका करणार आहे, त्यामुळे शंका अगदी प्राथमिक वाटली तरी विचारतो. बंद खोक्यात आवाज ६३ हर्ट्झपासून खाली उतरायला लागणार असेल, तर ३० किंवा ४० हर्ट्झचे स्वर ऐकू कसे येतील? आणि इतके करून शेवटी पोर्टवाल्या मोठ्या खोक्याची आठवण येत राहणार असेल, तर लहान स्पीकरचा खटाटोप करावा का?


खर्जप्रेमी (धागाकर्ता)

शंका प्राथमिक नाही, सगळ्या विषयाचा गाभाच त्यात आहे. उत्तर गाडीच्या बंद केबिनमध्ये दडलेले आहे.

ध्वनीलहरीची निम्मी लांबी केबिनच्या सर्वांत लांब मापापेक्षा मोठी झाली की लहर केबिनमध्ये पसरण्याऐवजी स्पीकर आतली सगळी हवा एकत्र दाबू आणि सोडू लागतो. केबिन २.७ मीटर लांब असेल तर हा बदल साधारण ६३ हर्ट्झला होतो. त्याच्या खाली, केबिन पूर्णपणे हवाबंद आणि ताठ असती तर, आवाज प्रत्येक सप्तकाला १२ डेसिबलने वाढला असता. बंद खोका त्याच भागात १२ डेसिबलच्या उताराने उतरत असतो. एकाचा चढ दुसऱ्याचा उतार भरून काढतो.

माझ्या खोक्याचा हिशोब केला तर ३० हर्ट्झला तो सुमारे १३.४ डेसिबल खाली असतो, आणि आदर्श केबिनने तिथे जवळजवळ १३ डेसिबल परत दिले असते. खरी गाडी आदर्श नसते. दारांच्या रबरातून हवा गळते, छताचा पत्रा आणि काचा थोड्या लवतात, त्यामुळे ही भर कमी मिळते. तुमच्या गाडीत ती किती मिळते ते मोजूनच कळेल, पण ती मिळते हे नक्की. खिडकी चार बोटे खाली करून तोच स्वर ऐकला तर खर्ज कसा निसटतो हे कानालाही समजते.

वर मी ३० हर्ट्झला ९४ डेसिबल म्हटले ते मोकळ्यावरचे होते. केबिनमध्ये त्यात ही भर पडते, आणि म्हणूनच एवढासा कोन गाडीत पुरतो. घरातल्या दिवाणखान्यात हाच खोका निराश करील.

खटाटोप करावा का, याचे उत्तर तुम्ही काय मागता यावर आहे. खोक्याचा लहानपणा, कमी वॉटमध्ये मोठा आवाज आणि खोल खर्ज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. ध्वनीशास्त्रात याला हॉफमनचा लोहनियम म्हणतात. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरणारा एआर-१ हा स्पीकर आणला, तेव्हापासून लहान बंद खोक्यातून खोल खर्ज काढता येतो हे सिद्ध आहे. त्याची किंमत वॉटमध्ये मोजावी लागते. माझा स्पीकर एका वॉटला सुमारे ८३ डेसिबल देतो, म्हणजे कार्यक्षमता कमीच आहे. शेजारची गाडी हादरावी ही अपेक्षा असेल तर हा मार्ग नाही. तबल्याच्या बायाचा घुमारा, बास गिटारची तार आणि पखवाजाची थाप भरीव, नेमकी ऐकू यावी एवढे हवे असेल, तर दोन साडेसहा इंची पुरेसे आहेत.


मोजपट्टी

खोका तयार झाल्यावर तो कागदाप्रमाणे झाला की नाही हे तपासायची एक सोपी पद्धत सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर एकसर जोडावा, अगदी हळू आवाजात २० ते १५० हर्ट्झचे स्वर एकेक करून वाजवावेत आणि मल्टिमीटरने स्पीकरच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज नोंदवत जावे. अनुनादाला स्पीकरचा अवरोध सर्वाधिक असतो, त्यामुळे तिथे व्होल्टेजही सर्वाधिक येतो. बंद खोक्याला असे एकच शिखर दिसते. पोर्टच्या खोक्याला दोन शिखरे दिसतात, आणि त्यांच्यामधली दरी जिथे सर्वांत खोल असते तिथे ट्यूनिंग असते.

शिखर अपेक्षेपेक्षा ठेंगणे आणि पसरट आले तर बहुधा खोका कुठेतरी गळतो आहे. दुसरी खूण अशी, की कोन बोटांच्या टोकांनी सगळीकडून सारखा दाबून सोडला तर हवाबंद खोक्यात तो लगेच उसळत नाही, किंचित आळसावून परत येतो.

खर्जप्रेमी यांनी आपल्या खोक्याचे मोजमाप केले असेल तर आकडे वाचायला आवडतील.


खर्जप्रेमी (धागाकर्ता)

मोजपट्टी, याच पद्धतीने मोजले आहे आणि त्यातून शिकायलाही मिळाले. नवा स्पीकर मोकळ्या हवेत मोजला तेव्हा एफएस ४२ ऐवजी ४६ हर्ट्झ आला. सस्पेन्शन नवे असताना ताठ असते, म्हणून मी घाबरलो नाही. खोक्यात शिखर ६६ हर्ट्झला आले. काही आठवडे रोज वाजवल्यावर पुन्हा मोजले तेव्हा मोकळ्या हवेत ४३ आणि खोक्यात ६४ मिळाले. म्हणजे स्पीकर तीन हर्ट्झने बदलला आणि खोका फक्त दोन हर्ट्झने. कारण असे, की बंद खोक्यात बहुतांश स्प्रिंगचे काम आतली हवा करते आणि हवा काही वापराने सैल पडत नाही. खोका जितका लहान, तितका हवेचा वाटा मोठा. स्पीकरच्या माहितीपत्रकातले आकडे थोडे चुकले तरी लहान बंद खोका सांभाळून घेतो. पोर्टचा खोका इतका क्षमाशील नसतो.

आत पॉलिएस्टर फायबर सैलसर भरले तर हवा दाबताना होणारी उष्णता ते शोषून घेते आणि खोका मोठा असल्यासारखा वागतो. सिद्धांतात ४० टक्क्यांपर्यंत वाढ शक्य असली तरी हातात दहा-वीस टक्केच पडते. ते चुंबकाच्या श्वासछिद्रासमोर दाटू देऊ नये. कोंबून भरले तर फायदा उलटा होतो, कारण मग फायबरच जागा खाते.


नवखा_श्रोता

सगळ्यांचे मनापासून आभार. मी एका आठ इंची स्पीकरसाठी १२ लिटरचा बंद खोका कापायला घेतला आहे. गाडीत बसवल्यावर ट्यूनिंग कोणत्या क्रमाने करावे, हेही कृपया लिहावे.


खर्जप्रेमी (धागाकर्ता)

क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण एक पायरी चुकली की पुढच्या पायरीत ती चूक इक्वलायझरने झाकण्याचा मोह होतो.

प्रथम गेन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आलेला संकेत किती वाढवतो ते. अ‍ॅम्प्लिफायरवर छापलेल्या वॉटवरून गेन लावण्याची सवय सोडावी आणि कोन किती वॉटला आपली मर्यादा गाठतो यावरून तो लावावा. माझ्या स्पीकरला १४ लिटरच्या खोक्यात, अनुनादाच्या खालच्या स्वरांवर, ८ मिलिमीटर सरकायला सुमारे १४ व्होल्ट लागतात, म्हणजे ४ ओहमच्या हिशोबाने प्रत्येकी ५० वॉट. दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम भार होतो आणि एकूण १०० वॉट जातात. वॉट आणि ओहम यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की व्होल्ट मिळतात : २०० चे वर्गमूळ १४.१. स्पीकर सोडवून, ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा स्वर लावून, मल्टिमीटरवर १४.१ व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवला आणि तिथे थांबलो. हाच स्पीकर ६ लिटरच्या खोक्यात असता तर तितकेच सरकायला प्रत्येकी दीडशे वॉट लागले असते. लहान खोका जास्त वीज मागतो, पण कोनला तोच आवरूनही धरतो.

दुसरे म्हणजे खालची मर्यादा. बंद खोक्याला सबसॉनिक फिल्टर लागत नाही असे सांगितले जाते. लहान स्पीकरच्या बाबतीत मला ते मान्य नाही. मी २८ हर्ट्झच्या खालचे सगळे गाळतो. तिथे ऐकण्यासारखे फार थोडे असते आणि कोनची सगळी हालचाल मात्र त्यातच खर्ची पडते.

तिसरे क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफर आणि पुढचे स्पीकर यांच्यात स्वर वाटून देणारी सीमा. मी ८० हर्ट्झला, २४ डेसिबल उताराचा लिंकविट्झ-रायली फिल्टर दोन्ही बाजूंना लावला आहे. या प्रकारात क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही बाजू सहा-सहा डेसिबल खाली असतात आणि एकाच फेजमध्ये असतात, त्यामुळे त्यांची बेरीज सपाट येते. पुढच्या दारातले स्पीकर ८० पर्यंत नीट उतरत नसतील तर १०० घ्यावे. त्याहून वर गेल्यास खर्ज मागून येतो आहे हे कळायला लागते.

चौथे अंतर. माझ्या कानापासून खोका २.४ मीटरवर आणि जवळचा पुढचा स्पीकर १.१ मीटरवर आहे. फरक १.३ मीटर, म्हणजे ध्वनीला लागणारे ३.८ मिलिसेकंद. पुढच्या स्पीकरांना तितका उशीर दिला. फिल्टरमुळे थोडा उशीर सबवूफरलाही होतो, म्हणून हा आकडा अंतिम नसून सुरुवात आहे. खरा निवाडा असा करावा : सबवूफरची पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) मुद्दाम उलटी करून ८० हर्ट्झचा स्वर लावावा आणि आवाज सर्वांत खोल बुडेपर्यंत उशीर थोडा-थोडा बदलावा. मग पोलॅरिटी सुलटी केली की त्याच जागी दोन्ही बाजू पूर्णपणे एकत्र येतात. बुडालेला आवाज ओळखणे कानाला सोपे जाते, वाढलेला ओळखणे फार कठीण असते. पोलॅरिटी सुलट करताच ढोलाची थाप डिकीतून उठून समोरच्या काचेपाशी आली; या सगळ्या उद्योगातला तो क्षण मला सर्वांत जास्त आवडतो.

इक्वलायझर सर्वांत शेवटी. मायक्रोफोन डोक्याच्या जागी, थोड्या-थोड्या अंतरावर पाच-सहा ठिकाणी धरून सरासरी काढावी. उंचवटे कापावेत, खड्डे भरू नयेत. सहा डेसिबलची वाढ म्हणजे चौपट वॉट आणि दुप्पट हालचाल, आणि खड्डा जर दोन लहरी एकमेकींना मारत असल्यामुळे पडला असेल तर इतके देऊनही तो भरत नाही. अशा वेळी खोकाच फिरवून पाहावा. डिकीच्या मागच्या कोपऱ्यात नेऊन स्पीकरचे तोंड मागे केल्याने माझा ७० हर्ट्झजवळचा खड्डा बराचसा भरून निघाला.

खोका पट्ट्याने किंवा कंसाने गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधावा आणि बॅटरीच्या जवळच फ्यूज लावावा. ब्रेक जोरात लागल्यावर दहा किलोचा मोकळा खोका काय करील याचा विचार आधीच केलेला बरा.


नवखा_श्रोता

खोका झाला, गाडीत बसला आणि तुम्ही सांगितलेल्या क्रमाने ट्यूनिंगही केले. पहिल्याच मोजमापात अवरोधाचे शिखर बुटके आले. सगळ्या सांध्यांवरून कागदाची पातळ पट्टी फिरवून पाहिली. ३० हर्ट्झच्या स्वरावर ती फक्त तारेच्या भोकापाशी फडफडली. तारेभोवती मी गरम गोंद भरला होता, पण तो तारेच्या आवरणापासून सुटला होता. ते भोक बंद करून रबरी गॅस्केट असलेले टर्मिनल बसवले आणि शिखर उंच व टोकदार झाले.

गाडीत ५२ हर्ट्झला सात डेसिबलचा उंचवटा होता, तो सहाने कापला. आता खर्ज गाण्याच्या मागे सुटा न राहता गाण्यातच वाजतो. एक बारीक खडखड मात्र राहिली आहे आणि ती मला कोन आपटल्यासारखी वाटते.


मोजपट्टी

कोन आपटत असेल तर आवाज कमी केल्यावर खडखड पूर्ण थांबते. ती हळू आवाजातही एका ठरावीक स्वरालाच येत असेल तर गाडीतले काहीतरी सैल आहे. ३० ते ८० हर्ट्झ सावकाश फिरवत जावे आणि खडखड ज्या स्वराला येते तिथे थांबून, कोणाला तरी स्वर चालू ठेवायला सांगून, बाहेरून एकेक भाग हाताने दाबून पाहावा.


नवखा_श्रोता

४७ हर्ट्झला मागची नंबर प्लेट होती. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवली, खडखड गेली.